पहिल्या नांगराचे गिऱ्हाईक

यवतमाळहून दारव्ह्याच्या रस्त्याला लागले, की शहर संपते न संपते तोच लोहारा येते. आता तर शहर कुठे संपले आणि लोहारा कुठे सुरू झाले, हे जुन्या माणसालाही थांबून आठवावे लागते. इथे एमआयडीसी आहे. डेनिमचे कापड विणणारा रेमंडचा मोठा कारखाना इथलाच. पण मी सकाळी फिरायला निघतो, तेव्हा माझे पाय मोठ्या फाटकापाशी थांबत नाहीत. ते थांबतात मागच्या अंगाला, पत्र्याच्या लहान शेडपाशी. आत वेल्डिंगचा निळा उजेड लखलखत असतो, दाराशी चहाचे रिकामे ग्लास पडलेले असतात आणि विशी-पंचविशीतला एखादा मुलगा काळ्या हातांनी काहीतरी जुळवत बसलेला असतो.

बँकेतून निवृत्त झाल्यापासून या मुलांशी माझी ओळख वाढली आहे. कर्जाचा अर्ज कसा भरायचा, प्रकल्प अहवालात काय लिहायचे, हे विचारायला ती घरी येतात. केंद्र सरकारने २०१६ साली स्टार्टअप इंडिया योजना जाहीर केली, तेव्हापासून स्टार्टअप हा शब्द आमच्या यवतमाळातही रुळला आहे. पूर्वी मुलगा धंदा काढतो म्हटले की आई डोळ्यांना पदर लावायची. आता ती शेजारणीला कौतुकाने सांगते. एवढा फरक पडला, हे चांगलेच झाले.

गेल्या दिवाळीत अशाच एका मुलाने मला एक प्रश्न विचारला. त्याने कडबा-कुटार बारीक करणाऱ्या यंत्रात काही सुधारणा केली आहे. त्याचे विचारणे साधे होते. काकाजी, मी इथेच राहू, की पुण्याला जाऊ? मी नेहमीसारखे गोलमोल उत्तर दिले. पण तो गेल्यावर मला झोप लागेना. कारण याच प्रश्नाचे उत्तर एका माणसाच्या आयुष्याने शंभर वर्षांपूर्वीच देऊन ठेवले आहे, हे मला ठाऊक होते. त्या माणसानेही सुरुवातीला कडबा कापण्याचेच यंत्र केले होते. लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर हे त्यांचे नाव. आमच्या भागातल्या कितीतरी विहिरींवर आजही ते नाव पंपावर कोरलेले दिसते. पण पंपामागचा माणूस मात्र नव्या मुलांना फारसा माहीत नाही. म्हणून ही गोष्ट पुन्हा सांगावीशी वाटते.

रंग दिसेना, यंत्र दिसले

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९चा, बेळगावजवळच्या गुर्लहोसूरचा. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे जाणकार. घरात पोथ्या होत्या, विद्वत्ता होती, पण यंत्राशी कुणाचा सात जन्मांत संबंध नव्हता. मुलाचे मन मात्र शाळेच्या पुस्तकात लागत नसे. त्याला दोन गोष्टींची ओढ होती. एक चित्रे काढण्याची आणि दुसरी, कुठलीही वस्तू उघडून ती चालते कशी हे पाहण्याची. पांढरपेशा घरात असा मुलगा वाया गेला असेच समजत. थोरले बंधू रामुअण्णा मात्र पाठीशी उभे राहिले आणि लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

तिथे नशिबाने थट्टा केली. काही रंग त्यांना वेगळे ओळखताच येत नाहीत, हे ध्यानात आले. चित्रकार होण्यासाठी घर सोडून आलेल्या मुलाला रंगांधळेपण असावे, यापेक्षा दुर्दैव ते कोणते? दुसरा कुणी बिछाना गुंडाळून गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले आणि रेषा धरल्या. ते यांत्रिक रेखांकन शिकले आणि त्याच बळावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये शिक्षक झाले. पगार बेताचा, पण भोवती यंत्रे होती. रिकाम्या वेळात ते यंत्रशाळेत रमत. परदेशी नियतकालिके वाचत आणि त्यांतल्या यंत्रांची चित्रे समजून घेत. खरे शिक्षण त्यांनी तिथे असे स्वतःचे स्वतःच घेतले.

मुंबईच्या रस्त्यावर त्यांनी सायकल पाहिली. हे दोन चाकांचे वाहन पडत कसे नाही, या कुतूहलातून धंदा जन्मला. १८८८ साली बेळगावात भावाभावांनी सायकलींचे दुकान काढले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे आणि रामुअण्णा त्या बेळगावात विकायचे, लोकांना चालवायलाही शिकवायचे. किर्लोस्कर बंधू हे नाव तेव्हापासूनचे. बेळगावातला जो रस्ता आज किर्लोस्कर रोड म्हणून ओळखला जातो, तो या घराण्याची आठवण सांगतो.

शिक्षकी मात्र फार दिवस टिकली नाही. बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांचा हक्क डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला मिळाली. १८९७ साली लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला. पदरी बायको, हाती सायकलचे लहानसे दुकान आणि सुटलेली पक्की नोकरी. राधाबाईंच्या मनाची त्या दिवशी काय अवस्था झाली असेल, हे आपल्या घरातल्या बायकांना वेगळे सांगायला नको.

दोन वर्षे न विकलेला नांगर

बेळगावात आल्यावर लक्ष्मणरावांनी आजूबाजूला पाहिले. मुलुख शेतकऱ्यांचा. सायकल घेणारे वकील, डॉक्टर, साहेब, सगळे मिळून मूठभर. अवजाराची गरज मात्र प्रत्येक शिवारात. ती गरज ओळखून त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र केले. जनावरासमोर आख्खा कडबा टाकला तर ते निम्मा तुडवून नासते. तोच बारीक करून घातला तर पोटात जातो आणि वैरण दुप्पट दिवस पुरते. हिशेब इतका सोपा, की कुणालाही पटावा.

मग आला लोखंडी नांगर. साल १९०३. आपल्याकडचा लाकडी नांगर जमीन उकरतो, पण उलटवत नाही. हरळीची आणि कुंद्याची मुळे खाली तशीच राहतात आणि पाऊस पडला की पुन्हा डोके वर काढतात. आमच्या वऱ्हाडातल्या काळ्या जमिनीत कुंदा माजला, तर काय होते हे शेतकऱ्याला विचारावे. लोखंडी नांगराचा वाकडा पत्रा ढेकूळ उचलून पालथे घालतो, मुळे उन्हात येतात आणि वाळून मरतात. असे नांगर विलायतेहून येत. पण ते महाग आणि एखादा भाग मोडला तर तो आणायचा कुठून? लक्ष्मणरावांनी तो नांगर इथे, आपल्या भट्टीत ओतायचे ठरवले.

नांगर तयार झाला, पण गिऱ्हाईक येईना. लोखंड लागले की जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. तिला हसणे सोपे आहे. पण ज्याचे सगळे वर्षाचे पोट एका हंगामावर उभे, त्याने नव्या वस्तूकडे संशयाने पाहिले तर त्यात मूर्खपणा कसला? चूक झाली तर त्याला दुसरा हंगाम कोण देणार होते? त्यातून हा नांगर जड. तो ओढायला बैल जास्त लागत. लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याला दोष दिला नाही. त्याच्या डोळ्यांदेखत जमीन नांगरून दाखवायची, हा एकच उपाय त्यांनी धरला. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली.

ही दोन वर्षे मला फार अस्वस्थ करतात, आणि त्याला कारण आहे. मी बँकेत कर्जाची प्रकरणे तपासत असे. कारखान्यात माल पडून आहे, विक्री शून्य, बाजारात मालाबद्दल अफवा आणि मालकाने चालती नोकरी सोडलेली. असे प्रकरण माझ्या टेबलावर आले असते तर मी काय केले असते? अगदी खरे सांगायचे तर, तांबड्या शाईने शेरा मारून ते परत केले असते. आणि नियमाने पाहता माझे काहीच चुकले नसते.

शहराने हात सोडला

नांगर हळूहळू विकला जाऊ लागला. कारखान्याला आकार आला आणि त्याच सुमारास दुसरा घाला पडला. बेळगाव नगरपालिकेला शहराची नवी वस्ती वाढवायची होती आणि तिच्या आड किर्लोस्करांचा कारखाना येत होता. जागा सोडावी लागणार, हे ठरले. इथे नगरपालिकेला खलनायक करण्याचे कारण नाही. शहर वाढते, वस्त्या आखल्या जातात, कायद्याने नोटिसा निघतात. पण बेळगाव हे त्या वेळी चांगले नांदते शहर होते. तिथे बाजार होता, रेल्वे होती, छावणी होती, शिकलेली माणसे होती. आपल्या गावात पहिल्यांदाच कुणी लोखंड ओतून अवजार घडवतो आहे आणि तो गेला तर गावाचे काय जाईल, हा विचार मात्र त्या कागदांत कुठे बसला नाही.

लक्ष्मणरावांचे वय तेव्हा चाळिशीचे. यंत्रे काढून कुठे न्यायची? कारागिरांचे काय करायचे? पुन्हा पाया घालायला पैसा कुणाकडे मागायचा?

मदत आली ती एका लहानशा संस्थानातून. औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ साली गादीवर आले होते. हा राजा स्वतः चित्रकार. सूर्यनमस्काराचा त्यांनी केलेला प्रसार तर सर्वांना माहीत आहे. औंधात सभामंडप उभारण्याच्या कामातून लक्ष्मणरावांचे काम त्यांच्या पाहण्यात आले होते. हा माणूस बोलतो कमी आणि करतो चोख, हे त्यांनी हेरले. राजांनी आपल्या संस्थानात जागा देऊ केली आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले.

त्या काळच्या दहा हजारांची किंमत मोठी होती, पण मला त्या रकमेपेक्षा तारण मोलाचे वाटते. तारण काय होते? लक्ष्मणरावांकडे गहाण ठेवण्यासारखे फारसे काही नव्हते. राजांनी जे तारण मानले ते म्हणजे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले काम. बँकेच्या कुठल्याही फॉर्मात या तारणासाठी रकाना नव्हता, आणि मी नोकरीत असेपर्यंत तरी तो आला नाही.

निवडुंगातली वसाहत

जागा मिळाली ती पुणे-मिरज रेल्वेमार्गावरच्या कुंडल रोड स्टेशनाजवळ. बत्तीस एकर उजाड माळ. पाण्याची वानवा, माणसापेक्षा उंच निवडुंग आणि त्या निवडुंगात नागांची वस्ती. कुणी फुकट दिली तरी घेऊ नये अशी ती जमीन. तिच्यात एकच गुण होता, रेल्वे जवळ होती. १९१०च्या मार्चमध्ये लक्ष्मणराव तिथे आले. सोबत थोडे कामगार आणि त्यांची बिऱ्हाडे. निवडुंग तोडायचा, साप मारायचे, विहीर खणायची, झोपड्या उभारायच्या आणि याच धांदलीत भट्टीही पेटवायची. वसाहतीची आखणी आणि बांधकाम रामुअण्णांनी अंगावर घेतले. ज्या भावाने कलाशाळेत धाडले, तोच भाऊ माळावर विटा मोजत उभा राहिला.

मला कौतुक वाटते ते लक्ष्मणरावांनी जमवलेल्या माणसांचे. शंभुराव जांभेकर यंत्रे सांभाळीत. मंगेशराव रेगे हिशेब आणि तिजोरी पाहत. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले, पण हातात विलक्षण कसब. ते पुढे कारखान्याचे नामांकित यंत्रज्ञ झाले. के. के. कुलकर्णी पडेल ते काम करणारे. आणि राखणीला होते तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग. हे दोघे दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेले. ज्यांना गावाने दाराशी उभे केले नसते, त्यांच्या हाती लक्ष्मणरावांनी कारखान्याची राखण सोपवली आणि त्यांनी ती इमानाने केली. राजाने लक्ष्मणरावांवर जो विश्वास टाकला, तोच त्यांनी खाली आपल्या माणसांपर्यंत पोचवला. वसाहतीत शिवाशीव पाळायची नाही, हाही त्यांचा दंडक होता. साल १९१०चे होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे महत्त्व कळते.

माळाची वाडी झाली. पुढे कुंडल रोड हे स्टेशनाचे नावही मागे पडले आणि किर्लोस्करवाडी हे नाव रेल्वेच्या पाटीवर आले. आज हे गाव सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यात आहे.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. परदेशी माल थांबला, तसे गिऱ्हाईक देशी नांगराकडे वळले. पण नांगराला लागणारे लोखंडही थांबले. मागणी दारात आणि भट्टी रिकामी. या अडचणीत कोल्हापूरचे शाहू महाराज धावून आले. गडावर पडून असलेल्या जुन्या तोफा त्यांनी लक्ष्मणरावांना वितळवायला दिल्या. ज्या लोखंडातून एके काळी गोळे सुटले, त्याचेच फाळ होऊन ते शेतात गेले. ही गोष्ट मी माझ्या नातवंडांना सांगतो तेव्हा ती जेवायची थांबतात.

१९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी किर्लोस्कर खबर काढली. सुरुवातीला ती कारखान्याची, गिऱ्हाइकांसाठीची पत्रिका. पण हळूहळू तिचे किर्लोस्कर मासिक झाले. पुढे १९३० साली स्त्री आणि १९३४ साली मनोहर निघाले. आमच्या आईच्या पिढीतल्या कितीतरी बायकांनी नव्या जगाची ओळख करून घेतली ती स्त्री मासिकातून. जिथे निवडुंगाखेरीज काही उगवत नव्हते, त्या माळावरून नांगरही निघाले आणि मासिकेही निघाली. कारखाना हा केवळ माल काढत नाही, तो भोवतालची माणसे घडवतो, हे यापेक्षा चांगले कसे सांगावे?

पुढचा विस्तार वाचकांना ठाऊक असेल. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीमधून शिकून १९२६ साली परतले. कारखान्यात पंप होऊ लागले. १९४१ साली म्हैसूर संस्थानात हरिहरला कारखाना निघाला. १९४६ साली पुण्यात ऑइल इंजिनांची आणि बंगळूरला विजेच्या मोटारींची कंपनी निघाली. लक्ष्मणरावांनी वेळेवर कारभार पुढच्या पिढीच्या हाती दिला आणि स्वतः बाजूला झाले. आपल्याकडे कर्त्या माणसाला हे जमत नाही. त्यांना जमले.

एक कडू आठवणही सांगितली पाहिजे. १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर महाराष्ट्रात जाळपोळ उसळली. तिची झळ किर्लोस्करवाडीलाही लागली आणि कारखान्याला आग लावली गेली. लक्ष्मणराव तेव्हा ऐंशीच्या घरात होते. निवडुंग तोडून उभे केलेले डोळ्यांसमोर जळलेले पाहणे, हे दुःख शत्रूलाही येऊ नये. पण वाडी पुन्हा उभी राहिली. किर्लोस्करवाडीत आजही पंप तयार होतात. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. १९६९ साली, जन्मशताब्दीला, २० जून रोजी पोस्टाने त्यांचे तिकीट काढले. योगायोग पाहा, त्यानंतर बरोबर एका महिन्याच्या आत, १९ जुलैला, देशातल्या चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. लहान माणसाच्या दाराशी कर्ज न्यायचे, हा त्यामागचा हेतू होता. मी ज्या पिढीत नोकरीला लागलो, ती या हेतूवर वाढलेली पिढी.

एक परत केलेले प्रकरण

आता मघाशी अर्धवट ठेवलेली गोष्ट पुरी करतो. नव्वदच्या दशकात मी एका शाखेत कर्जविभागात होतो. एक तरुण लोहाऱ्याहून सायकलवर यायचा. शेतात उभी राहिलेली पऱ्हाटी उपटायला एकरी किती मजूर लागतात आणि किती पाठी मोडतात, हे त्याने लहानपणापासून पाहिलेले. बैलजोडीने चालणारे एक अवजार त्याने भंगारातून जुळवले होते. ते सुधारायला त्याला थोडे कर्ज हवे होते. मी त्याला कोटेशन मागितले, तारण मागितले, जामीनदार मागितला, मागणीचे पत्र मागितले. तो प्रत्येक वेळी एक कागद घेऊन यायचा आणि मी दुसरा सांगायचो. चौथ्या की पाचव्या खेपेला त्याने मला विनंती केली, की एकदा शेतात येऊन अवजार चालताना तरी पाहा. शाखेपासून लोहारा किती दूर? स्कूटरवर पंधरा मिनिटे. मी गेलो नाही. मार्चअखेर होती, कामे होती. प्रकरण परत गेले. तो पुन्हा आला नाही.

ते अवजार कदाचित चालले नसतेही. शंभरातली नव्वद अवजारे चालत नाहीत. बुडालेली कर्जेही मी पुष्कळ पाहिली आहेत आणि ठेवीदाराचा पैसा उधळण्याचा अधिकार बँकेला नाही, हे मी आजही मानतो. नियम चुकीचे होते असे मी म्हणत नाही. बोच एवढीच आहे, की मी पाहायला गेलो नाही. औंधच्या राजाने पाहिले आणि मग ठरवले. मी न पाहता ठरवले.

लक्ष्मणरावांचे चरित्र वाचताना आपण नेहमी त्यांच्या जिद्दीपाशी थांबतो. जिद्द होतीच. पण बेळगावात काय जिद्द कमी होती? तोच माणूस, तीच भट्टी, तोच नांगर. एका गावाने जागा सोडायला लावली, दुसऱ्याने माळ दिला. फरक माणसात नव्हता, भोवतालात होता. त्याच औंध संस्थानात पुढे ओगलेवाडीला ओगले बंधूंचा काचकारखानाही भरभराटीला आला आणि त्यांचा प्रभाकर कंदील घरोघर पेटला. एवढ्याशा संस्थानात दोन नामांकित कारखाने उभे राहतात, तेव्हा तो योगायोग मानता येत नाही.

आता राजे नाहीत आणि एखाद्या राजाच्या मर्जीवर उद्योग उभे राहावेत असे कुणी म्हणूही नये. आज जागा द्यायला १९६२ साली स्थापन झालेली एमआयडीसी आहे, कर्ज द्यायला २०१५पासून मुद्रा योजना आहे. लोहाऱ्याच्या मुलाला निवडुंग तोडावा लागत नाही आणि नागही मारावे लागत नाहीत. मग उणे काय आहे? उणीव आहे ती त्या दोन वर्षांची. पहिला नांगर विकला जाईपर्यंतची दोन वर्षे कुणी सोसायची? योजना प्लॉट देते, पैसे देते, पण धीर देत नाही. तो गावालाच द्यावा लागतो. बापाने टोमणा न मारता दोन वर्षे जेवू घालावे. शेजारच्या कारखानदाराने आपले लेथ यंत्र रविवारी वापरू द्यावे. पॉलिटेक्निकच्या मास्तरांनी वर्ग सुटल्यावर शेडमध्ये डोकावावे. बँकेच्या साहेबाने स्कूटरला किक मारावी. आणि आपल्यापैकी कुणीतरी, ब्रँडचे नाव नसतानाही, पहिली वस्तू रोख पैसे देऊन घ्यावी.

नांगर करणाऱ्याच्या नावाने रस्ते होतात, स्टेशने होतात, तिकिटे निघतात. पहिला नांगर घेणाऱ्याच्या नावाने काही होत नाही. पण दोन वर्षे पडून असलेल्या नांगरापुढे उभा राहून, शेजाऱ्यांचे हसणे ऐकत, जमिनीत विष भिनण्याची भीती मनात घेऊन, ज्या शेतकऱ्याने पैसे मोजले असतील, त्याचाही त्या सगळ्या वैभवात वाटा आहे. यवतमाळसारख्या मध्यम शहराला लक्ष्मणराव मागवून मिळणार नाहीत. ते जन्मावे लागतात. पहिले गिऱ्हाईक होणे मात्र आपल्या हातात आहे.

गेल्या आठवड्यात मी त्या मुलाच्या शेडवर गेलो. त्याने माझ्यासमोर यंत्र चालवून दाखवले. दोन वेळा अडकले, तिसऱ्यांदा सुरळीत चालले. कुटार भुरूभुरू बाहेर पडू लागले तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. माझ्या धाकट्या भावाच्या गोठ्यात चार जनावरे आहेत. मी किंमत विचारली. मुलगा माझ्याकडून पैसे घेईना, काकाजी म्हणून फुकट द्यायला निघाला. मी त्याला पूर्ण किंमत मोजून दिली आणि पावती मागितली. त्याच्याकडे पावतीपुस्तक नव्हते. शेवटी वहीचे पान फाडून त्याने ती लिहिली आणि वर क्रमांक घातला, एक.

ती पावती मी जपून ठेवली आहे.